पाट्यांखालचे ठोकळे

चिंचणी
९ मे २०२५

प्रिय व्हिक्टर,

घशाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं, त्यामुळे फोन माझ्यापुरता संपला. मोबाईलवर बोटांनी लिहायला गेलो तर एका शब्दात तीन चुका होतात आणि माझं डोकं फिरतं. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. अर्नाळा डेपोत आपण दोघांनी अठ्ठावीस वर्षं एसटी चालवली, तेवढ्यात एकमेकांना कधी चिठ्ठी लिहिली नाही. आता लिहितोय.

काम असं आहे. आमची पिकअप हल्ली मितेशच चालवतो. मिरची, भोपळी मिरची भरून तो आठवड्यातून चार दिवस विरार आणि वसईच्या बाजारात येतो. गेल्या पावसाळ्यात तुळिंजला पाणी भरलं तेव्हा गाडी मध्येच बंद पडली, इंजिनात पाणी गेलं, माल जागच्या जागी नासला. आता तो म्हणतो, गाडी उचलून घेऊ. कमानपाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे आणि लांब यू-बोल्टनी आवळायचे, की गाडी चार इंच वर. कंपनीचं किट आम्हाला परवडणारं नाही. तुझा जावई सुरज ते निम्म्यात करून देतो असं मितेशने ऐकलंय. तुझ्या गाडीलाही त्यानेच केलंय ना?

मितेशने मोबाईलवर कुठल्या कुठल्या मालकांचे अनुभव वाचलेत. एक म्हणतो झकास, दुसरा म्हणतो पस्तावलो. मी पाटीवर लिहून त्याला दाखवलं, ‘व्हिक्टरला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.’ त्याने मान डोलावली. पोरगा बापाचं ऐकत नाही पण तुझं नाव काढलं की ऐकतो.

तेव्हा जे असेल ते लिही. कार्मिनला आणि ॲनिशाला आठवण सांग.

तुझा,
तुळशीदास


पाचूबंदर, वसई
१७ मे २०२५

प्रिय तुळशी,

तुझं अक्षर बघून कार्मिनच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज गेला तरी दमदाटी करायची सवय गेलेली नाही, हे वाचून मला बरं वाटलं.

गाडीचं विचारलंस. गेल्या जुलैत सुरजने ठोकळे बसवले, दहा महिने होत आले. ऑगस्टमध्ये मासळीचे खोके भरून मी निघालो, तर रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. केबिनमध्ये आमच्या वाड्यातल्या दोघी मासेवाल्या बसलेल्या. एक ओरडायला लागली, “व्हिक्टर, पानी बघ किती हाय! नको घालू गाडी!” मी पहिल्या गियरमध्ये सरळ घातली आणि पार झालो. पुढे बाजारातल्या स्टॅनीचा टेम्पो बंद पडून उभा होता, तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या दिवशी बाजारात मासळी घेऊन पोचलेली एकच गाडी होती, ती माझी.

सुरुवातीला स्टिअरिंग जरा हलकं वाटतं. सवय होते. मागे टायर बदलले, पण ते जुनेच झाले होते. बाकी काही तक्रार नाही.

सुरजचा हात चांगला आहे. तुळिंजला स्वतःचं गॅरेज टाकून त्याला वर्षच झालंय, ओळखीचं गिऱ्हाईक आलं तर त्याचाही जम बसेल. मितेशला बिनधास्त पाठव.

तुझा,
व्हिक्टर


चिंचणी
८ जून २०२५

प्रिय व्हिक्टर,

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मितेश तुळिंजला जाऊन ठोकळे बसवून आला. सुरजने चहा-नाश्ता दिला, चांगला वागला असं म्हणाला. गाडी आता अशी उंच झालीय की विमलाला चढायला स्टूल लागतं. अक्षया, आमची सून, सासूला हात देऊन वर ओढते आणि दोघी हसत सुटतात.

पण व्हिक्टर, काल मी त्याच्या शेजारी बसून वाणगावपर्यंत गेलो. वळणावर गाडी झोपते, एका अंगाला कलते. ब्रेक दाबला की मागचा भाग एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो, अगदी थोडा, एका बोटाएवढा. मी पाटीवर लिहिलं, ‘मागून काहीतरी हलतंय.’ मितेश म्हणाला, “बाबा, गाडी उंच झाली म्हणून तसं वाटतं. सवय होईल.” हे तुझेच शब्द. पण ड्रायव्हरला गाडी बुडाखाली कळते, हे आपण नव्या पोरांना शिकवायचो. मला काल ते कळत होतं.

खाली वाकून पाहिलं. मागच्या बाजूला एकावर एक असे दोन ठोकळे आहेत. तुझ्याही गाडीला दोनच आहेत का? तुझी गाडी अशी हलते का? एवढं लगेच कळव. तू नाही म्हणालास तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही.

तुझा,
तुळशीदास


पाचूबंदर
१६ जून २०२५

प्रिय तुळशी,

हो, माझ्याही गाडीला दोनच आहेत. सगळे तसेच बसवतात. गाडी उंच झाली की थोडी झोपणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. यू-बोल्टचे नट दर पंधरा दिवसांनी आवळून घ्यायला सांग आणि माल जास्त भरू नको म्हणावं. तू आता घरी बसून असतोस, म्हणून मनात येतं नाही नाही ते.

आज घाईत आहे, बोटी बंद असल्या तरी सुक्या मासळीची खेप आहे.

व्हिक्टर


चिंचणी
२ ऑगस्ट २०२५

व्हिक्टर,

तू मयताला आलास, माझा हात धरून बसलास आणि काही न बोलता गेलास. मला ते बरं वाटलं. बाकी सगळे बोलत होते.

तेव्हा तुला नीट सांगता आलं नाही. अकरा जुलैला सकाळी मितेश आणि अक्षया निघाले. तिला नायगावला माहेरी सोडायचं होतं, वाटेत बोळिंजला एका दुकानात मिरची उतरवायची होती. नऊच्या सुमारास बोळिंजच्या वळणावर गाडी मागून फिरली, कडेच्या भिंतीला लागली आणि ड्रायव्हरच्या बाजूने आडवी झाली. मितेश खाली आला. अक्षयाचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. तिला शुद्ध होती. लोकांनी गाडी उभी करेपर्यंत ती त्याचं डोकं मांडीवर घ्यायचा प्रयत्न करत होती असं एकाने सांगितलं. ते मला कोणी सांगायला नको होतं.

पोलिसांनी भरधाव वेग लिहिलाय. गाडी त्यांच्या आवारात पडून आहे.

मला राग येतोय व्हिक्टर, आणि तो कोणावर काढू? माझ्याच पोरावर येतोय. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘हळू चालव.’ त्याने हसून पाटी पुसली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून एक कोंबडी मेली नाही आणि माझा पोरगा तीस वर्षांचा होऊन वळणावर वेग आवरू शकला नाही. दहाव्याला सगळं यथासांग केलं, पण मनातून मी त्याला शिव्याच देत होतो. विमला फोटोला हार घालायला गेली, मी तो फोटो काढून कपाटात ठेवला.

अक्षया म्हणते, गाडी वेगात नव्हतीच. ती नवऱ्याची बाजू घेणारच. तू गाडी जाणतोस, ठोकळ्यांची माझी शंकाही जूनमध्ये तूच काढली होतीस. तुला काय वाटतं?

तुळशीदास


पाचूबंदर
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय तुळशी,

काय लिहू? हल्लीची तरुण मुलं गाडी दामटतातच. रिकामा रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. मितेश वाईट मुलगा नव्हता, एक क्षण चुकला. पोलिसांनी जागा बघून लिहिलंय, त्यांना त्यातलं कळतं.

अक्षयाला धीर दे. तिला अपघातातलं नीट आठवत नसेल, तसं होतं.

आमच्या चर्चमध्ये त्याच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्साची प्रार्थना सांगितली आहे. तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस.

तुझा,
व्हिक्टर


चिंचणी
२० सप्टेंबर २०२५

व्हिक्टर काकांना नमस्कार.

मी अक्षया, मितेशची बायको. बाबांना न सांगता लिहिते आहे. हात आता बरा आहे, म्हणून लिहिता येतंय.

तुमचं ऑगस्टचं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं होतं. मला नीट आठवत नसेल असं तुम्ही लिहिलंत. काका, मला सगळं आठवतं. आमच्या पुढे शाळेची बस होती. ती वळणावर हळू झाली म्हणून आम्हीही हळू झालो. यांनी ब्रेक दाबला आणि खालून मोठा आवाज आला, लोखंड तुटल्यासारखा. हे म्हणाले, “अगं, मागचं चाक...” एवढंच. मग गाडी स्वतःहून फिरली. स्टिअरिंग यांच्या हातात होतं आणि तरी गाडी फिरली. हे मी पोलिसांना तीनदा सांगितलं. एकाने विचारलं, “तुम्हाला गाडीतलं काय कळतं?”

घरात यांचं नाव कोणी घेत नाही. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडतात, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. बाबांनी यांचा फोटो कपाटात ठेवलाय. माझा नवरा मेला, काका, आणि घरात तो गुन्हेगार झालाय.

गेल्या रविवारी मी नायगावहून वसईला आले होते. मासळी बाजाराबाहेर तुमची गाडी पाहिली. मी लगेच ओळखली, आणि ती खाली होती, साध्या गाड्यांसारखी. तुम्ही नव्हतात, कार्मिन काकी होत्या. मी विचारलं, “काकी, गाडीची उंची कमी केली का?” त्या म्हणाल्या, “ते ठोकळे काढले ना. जुलैच्या सुरुवातीलाच काढले.” मग माझ्याकडे बघून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी माझा हात धरला.

जुलैच्या सुरुवातीला म्हणजे हे गेले त्याच्या आधी.

मला तुमच्याकडून दोनच गोष्टी कळायला हव्यात. ठोकळे नक्की कोणत्या तारखेला काढलेत आणि का काढलेत. उत्तर मला लिहू नका, बाबांना लिहा.

अक्षया


पाचूबंदर
२८ सप्टेंबर २०२५

तुळशी,

अक्षयाचं पत्र मिळाल्यापासून चार-पाच दिवस मी बोटीवर जाळी शिवायला जाऊन बसतो आहे, घरात कार्मिनच्या समोर बसवत नाही. काल फादरांकडे जाऊन कुमसार केला, पाप कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे तू देवाला सांगितलंस. ज्याला सांगायला हवं त्याला सांगितलंस का?”

ठोकळे मी तीन जुलैला काढले. सुरजनेच काढून दिले.

का काढले, ते पहिल्यापासून लिहितो. एप्रिलमध्ये, म्हणजे तू मला पहिलं पत्र लिहिलंस त्याच्याही आधी, नायगावच्या खाडीकडच्या रस्त्यावर माझ्या गाडीचा मागचा एक यू-बोल्ट तुटला. ठोकळा सरकला, ॲक्सल मागे गेला आणि चाक बॉडीला घासायला लागलं. मी ट्रॅफिकमध्ये अगदी हळू होतो म्हणून वाचलो. सुरजने नवा बोल्ट घातला. मी त्याला विचारलं, “हे बोल्ट कुठून आणलेस?” तो म्हणाला, “पप्पा, स्वस्तात काम द्यायचं तर बोल्ट स्वस्तातलेच येणार. आता जाड घातलाय. कोणाला बोलू नका, आत्ताच गॅरेज चालायला लागलंय.” लेकीला, ॲनिशाला, तेव्हा चौथा महिना होता. मी नाही बोललो. टायरही जुने झाले नव्हते, आतल्या बाजूने घासून गेले होते. तेही मी तुला खोटं लिहिलं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी स्वतःला सांगितलं की नवा बोल्ट टिकलाय, म्हणजे दोष निघाला. आणि स्टॅनीसमोर, सगळ्या बाजारासमोर मी वर्षभर त्या गाडीचा एवढा मोठेपणा मिरवला होता. ते मागे घेणं मला जड गेलं.

बारा जूनला दुसरा तुटला. तुझं दुसरं पत्र तेव्हा माझ्या खिशात होतं. तू विचारलं होतंस, तुझी गाडी अशी हलते का. हलत होती. तुला बुडाखाली जे कळलं, ते मलाही कळत होतं. मी तुला लिहिलं की तुझ्या मनात नाही नाही ते येतं. मग मला स्वतःलाच त्या गाडीत बसायची भीती वाटायला लागली, आणि तीन जुलैला मी ठोकळे काढून टाकले. स्वतःच्या गाडीचे.

अजून एक आहे. हे मी फादरांनाही सांगितलं नाही.

आठ जुलैला मितेश मला बाजारात भेटला. त्याची नजर तुझ्यासारखीच, लगेच म्हणाला, “काका, गाडी खाली बसलीय? ठोकळे काढले का?” सुरज पाच पावलांवर उभा होता, दुसऱ्या एका गाडीवाल्याशी बोलत. मी म्हणालो, “पाटे बदलायचेत म्हणून काढलेत. पुन्हा बसवणार आहे.” तो म्हणाला, “मग ठीक. बाबा पाटीवर काही लिहीत नाहीत, पण त्यांच्या मनात अजून शंका आहे. मी त्यांना सांगतो, काकाही पुन्हा बसवतायत.” त्याने मला चहा पाजला. मिरच्यांची एक पिशवी कार्मिनसाठी दिली. तीन दिवसांनी तो गेला.

मयताला मी तुझा हात धरला होता तेव्हा सांगायला आलो होतो. नंतर तू लिहिलंस की तुला पोरावर राग येतो, आणि मला त्या रागाच्या आड लपायला जागा मिळाली. मी लिहिलं, मुलं गाडी दामटतात. मितेशने दामटली नव्हती. बोल्ट तुटला, तुळशी. दुसरं काही झालेलं नाही. तुझा मुलगा नीट चालवत होता.

हे पत्र पोलिसांना दाखव, वकिलाला दाखव. मी सही केली आहे, तारखा बरोबर आहेत. बोलावतील तिथे येऊन सांगेन. ॲनिशाला आज संध्याकाळी सांगणार आहे.

तू म्हणशील तेव्हा तुझ्या दारात येईन. तू काय करशील ते कर.

व्हिक्टर


चिंचणी
१९ ऑक्टोबर २०२५

व्हिक्टर,

पत्र अक्षयाने मला आणि विमलाला वाचून दाखवलं. वाचताना ती कुठेच थांबली नाही, बाजारातलं ते चहाचं आलं तेव्हासुद्धा. संपल्यावर ती उठली, कपाटातून मितेशचा फोटो काढला आणि बाहेरच्या खोलीत लावला. मी बसून होतो. विमला माझ्याकडे बघून म्हणाली, “त्याची माफी मागा.” आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली, ती माझ्याशी कधी अशी बोलली नव्हती.

पत्र वकिलाकडे दिलं. गाडी पुन्हा तपासली. मागचे दोन्ही उजवे बोल्ट तुटलेले मिळाले, एकाला आधीपासून चीर होती, आत गंज चढला होता. पंचनाम्याच्या वेळी कोणी खाली वाकलंच नव्हतं. आता लिहून घेतलंय.

मी तुझा विचार करतो तेव्हा मला एप्रिलचा राग येत नाही. भीतीपोटी माणूस गप्प बसतो. जावई, लेक, पोटात मूल. मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं ते मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण बारा ऑगस्टचं पत्र. तो मेलेला होता, व्हिक्टर. त्याला वाचवायचं राहिलं नव्हतं, फक्त खरं सांगायचं होतं. तेव्हा तू माझ्याच हातून त्याला आणखी दोन महिने मारलंस.

दारात येईन म्हणतोस. येऊ नकोस. तू रडशील, मग मला तुझ्या पाठीवर हात ठेवावा लागेल. तो मला ठेवायचा नाही.

त्या दिवशी बाजारात सुरज आणखी एका गाडीवाल्याशी बोलत होता असं तू लिहिलंयस. त्याचं काय झालं? अजून किती गाड्या असे ठोकळे घालून फिरतायत? माझ्या दारात यायला निघालेले पाय त्यांच्या दारात ने.

तुळशीदास


पाचूबंदर
२३ नोव्हेंबर २०२५

तुळशीदास,

तू सांगितलंस त्याबद्दल कळवायला हे लिहितो. उत्तराची वाट बघणार नाही.

मी पोलिसांना जबाब दिला. सुरजला अटक झाली, नंतर जामीन मिळाला, गॅरेजला कुलूप आहे. ॲनिशाला मुलगी झालीय, दीड महिन्याची. मी तिला अजून पाहिलेलं नाही. दारावर गेलो होतो. ॲनिशा दार न उघडता आतून म्हणाली, “पप्पा, तुम्ही एप्रिलमध्ये बोलला असतात तर सुरजची फक्त गिऱ्हाइकं गेली असती.” तिचं बरोबर आहे.

त्याच्या वहीत अकरा गाड्यांची नावं होती. तुमची आणि माझी सोडून नऊ. त्यांतले पाच माझ्याच सांगण्यावरून गेलेले. मी एकेकाकडे जातो, गाडीखाली शिरतो आणि मालकाला बोल्ट दाखवतो. चौघांनी लगेच काढले. एकाने मला शिवी दिली आणि मग काढले. त्या चौघांतलाच एक, जो बाजारात सुरजशी बोलत होता, त्याच्या बोल्टला चीर पडलेली होती. तो रस्त्यातच खाली बसला.

नायगावला हार्दिक नावाचा एक आहे, नव्या टॉवरांना फरशा पोचवतो. तो ऐकत नव्हता. म्हणाला, “काका, तुमचं जावयाशी बिनसलंय, त्यात मला कशाला ओढता?” मी तीनदा गेलो. काल चौथ्यांदा गेलो तर गाडी फरशांनी भरलेली, तो स्टार्ट करत होता. मी बंपरला पाठ लावून खाली बसलो. त्याने हॉर्न मारला, माणसं जमली, दोघांनी मला दंडाला धरून उठवायला पाहिलं. मी त्याला म्हणालो, “मी एकाला खोटं सांगितलं, तो तीस वर्षांचा होता, त्याचं नाव मितेश. मला विचारून गेला आणि मेला. तुला खरं सांगतोय.”

बराच वेळ इंजिन चालू होतं. माझ्या पाठीला ते लागत होतं. मग त्याने बंद केलं.

ठोकळे निघेपर्यंत मी तिथेच थांबलो. आता तीन गाड्या राहिल्या. एक भिवंडीला विकली गेलीय, तिचा नवा मालक शोधायला उद्या निघतो.

व्हिक्टर